आरमध्ये काढलेले विमानमार्ग नकाशावर बिघडतात तेव्हा: लक्षणं, तपासण्या आणि थांबायची जागा

आर ही प्रोग्रामिंग भाषा वापरून जगाच्या नकाशावर विमानमार्ग काढताना येणारे बिघाड मोजकेच आहेत आणि तेच ते पुन्हा पुन्हा येतात. रेषा चुकली की आधी रंग, जाडी, प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत) बदलून बघितलं जातं आणि दुपार त्यातच जाते. दोष बहुतेक वेळा त्याच्या बराच आधी झालेला असतो: फाईल वाचताना, दोन तक्ते जोडताना किंवा दोन पायऱ्यांचा क्रम उलटा झाल्यामुळे. म्हणून खालच्या तपासण्या मिनिटभरात होणाऱ्यांपासून सुरू होतात आणि सर्वांत कटकटीच्या शेवटी येतात. मधली एखादी गाळून पुढे जाऊ नका. आधीची चूक शिल्लक असेल तर पुढच्या तपासणीचं उत्तर फसवं येतं.

फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

लक्षणं

- नकाशाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडव्या रेघा. ऑकलंड, टोकियो, फिजी यांचे मार्ग असले की हमखास.
- लांबचे मार्गही पट्टीने आखल्यासारखे सरळ. मुंबई–नेवार्क रेषा अल्जीरियाच्या वाळवंटावरून जाते.
- विमानतळच भलतीकडे. मुंबई नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसते.
- सगळे मार्ग एकमेकांना जोडले जाऊन करवतीच्या दात्यांसारखी नक्षी.
- रेषा विमानतळाच्या ठिपक्याला टेकत नाही, आधीच संपते.
- काही मार्ग गायब, एरर मात्र नाही.
- नकाशा कोरा.
- कॅनडा किंवा रशियाचा रंग आडवा फासला गेलेला.
- जुना कोड पहिल्याच ओळीला अडतो.

आधी दोन मार्ग निवडा, बाकी सगळं बाजूला ठेवा

साठ हजार मार्गांच्या नकाशात चूक शोधू नका. दोनच मार्ग घ्या. पहिला मुंबई (19.09 उत्तर, 72.87 पूर्व) ते नेवार्क (40.69 उत्तर, 74.17 पश्चिम). दुसरा ऑकलंड (37.01 दक्षिण, 174.79 पूर्व) ते लॉस एंजेलिस (33.94 उत्तर, 118.41 पश्चिम). पश्चिम आणि दक्षिण उणे चिन्हाने लिहायचे, हे सांगायला नकोच.

या दोघांची उत्तरं आधीच माहीत आहेत. मुंबई–नेवार्क हे बृहद्वृत्तावरचं, म्हणजे ग्रेट सर्कलवरचं (गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेचं) अंतर सुमारे 12,550 किलोमीटर, आणि वाटेत सर्वांत उत्तरेचा अक्षांश 65 च्या आसपास. ऑकलंड–लॉस एंजेलिस सुमारे 10,490 किलोमीटर, आणि 180 रेखांश ओलांडला जातो तो साधारण 33 दक्षिण अक्षांशावर. पहिला मार्ग वक्रता तपासतो, दुसरा 180 रेखांशाची शिवण, म्हणजे सपाट नकाशा जिथे कापला जातो ती जागा. हे दोन्ही नीट आले की बाकीचे बहुतेक आपोआप नीट येतात.

दोन विमानतळांमधले बिंदू तयार झाल्यावर (ते कसे, हे तपासणी 5 मध्ये) चित्र काढण्याआधी त्यांच्या अक्षांशांचं कमाल मूल्य छापून बघा. मुंबई–नेवार्कला 65 च्या जवळ आलं तर वक्र बरोबर आहे. 40.69 आलं तर मधले बिंदू तयारच झालेले नाहीत, आणि आता प्रक्षेपण बदलून काही उपयोग नाही.

तपासणी 1: रेखांश आधी की अक्षांश आधी?

बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो. जिओस्फिअर आणि एसएफ ही आरची दोन्ही पॅकेजं, म्हणजे जोडून घ्यायचे फंक्शनांचे संच, रेखांश आधी मागतात, कारण त्यांच्यासाठी तो आडवा अक्ष आहे. ओपनफ्लाइट्स या विमानतळ आणि मार्गांच्या खुल्या डेटाच्या विमानतळ फाईलमध्ये सातवा कॉलम अक्षांश आणि आठवा रेखांश आहे. कॉलम आहेत त्याच क्रमाने उचलले की अदलाबदल झालीच.

भारतीय डेटावर काम करणाऱ्यांना ही चूक जास्त छळते. अक्षांश 90 च्या वर गेला तर जिओस्फिअर एरर देऊन थांबतं. पण आपल्या बहुतेक विमानतळांचे रेखांश 68 ते 90 या पट्ट्यात आहेत, म्हणजे अक्षांश म्हणूनही ते खपून जातात. मुंबई 72.87 अक्षांशावर जाऊन बसते आणि आर चकार शब्द काढत नाही. गुवाहाटी (91.59) किंवा दिब्रुगड (95.02) यादीत असेल तरच एरर येतो, आणि मग दोष त्या दोन ओळींचा आहे असं वाटून त्याच काढून टाकल्या जातात. तसं करू नका. ईशान्येच्या विमानतळांवर एरर आला तर संशय सगळ्या फाईलवर घ्या.

याच वेळी आकडे दशांशात आहेत ना, तेही बघा. वैमानिकी कागदपत्रांत अंश-मिनिटं-सेकंद असतात. 19 अंश 05 मिनिटं 19 सेकंद म्हणजे 19.0886. कोणी ते 19.0519 असं लिहिलं तर विमानतळ चार किलोमीटर दक्षिणेला सरकतो. जगाच्या नकाशावर ते दिसत नाही, मुंबईच्या नकाशावर लगेच दिसतं.

तपासणी 2: फाईल पूर्ण वाचली गेली का?

ओळी मोजा. रीड टेबल या फंक्शनला एकेरी अवतरणचिन्हही मजकुराची सीमा वाटतं. शिकागोच्या ओ'हेअरच्या नावातलं चिन्ह आलं की पुढचं तसंच चिन्ह सापडेपर्यंतच्या सगळ्या ओळी एकाच नावात गिळल्या जातात. रीड सीएसव्ही वापरा, किंवा अवतरणचिन्ह म्हणून फक्त दुहेरी चिन्ह द्या. ओपनफ्लाइट्सच्या फाईलींना शीर्षकाची ओळ नसते, त्यामुळे हेडर फॉल्स द्यायला विसरलात तर पहिला विमानतळ कॉलमांची नावं बनून जातो.

रिकाम्या जागी त्या फाईलींत उलटी तिरकी रेघ आणि एन असतं. ते रिकामं मूल्य आहे हे वाचतानाच सांगावं लागतं, आणि आरमध्ये ती तिरकी रेघ दोनदा लिहावी लागते. सांगितलं नाही तर आकड्यांचा कॉलम मजकूर होतो आणि पुढची जोडणी अडते किंवा गुपचूप चुकते.

अवरएअरपोर्ट्स या विमानतळांच्या दुसऱ्या खुल्या यादीची फाईल वापरत असाल तर उलट भानगड होते. तिथे उत्तर अमेरिका खंडाचं आणि नामिबिया देशाचं चिन्ह एन-ए ही दोन अक्षरं आहेत, आणि आर त्यांना रिकामी जागा समजतं. रिकाम्या ओळी गाळण्याची आज्ञा पुढे असेल तर अख्खा उत्तर अमेरिका खंड गळतो. त्या फाईलसाठी रिकामं मूल्य म्हणजे फक्त मोकळी जागा, असं ठरवून द्या.

तपासणी 3: जोडणीत मार्ग कुठे गळले?

मार्गांच्या तक्त्याला विमानतळांचा तक्ता दोनदा जोडावा लागतो, एकदा उड्डाणासाठी आणि एकदा उतरण्यासाठी. दोन्ही वेळा आधी आणि नंतर ओळी मोजा. कमी झाल्या तर विमानतळाच्या तीन अक्षरी कोडला जोडीदार सापडला नाही. वाढल्या तर एकाच कोडचे दोन विमानतळ आहेत. कोणते गळले हे अँटी जॉइन एका ओळीत सांगतं.

मुख्य कारण म्हणजे फाईलींचं वय. ओपनफ्लाइट्सचे मार्ग जून 2014 च्या पुढे अद्ययावत झालेले नाहीत. तेव्हा गोव्याला फक्त दाबोळी होतं. मोपाहून नियमित उड्डाणं जानेवारी 2023 मध्ये सुरू झाली, नवी मुंबईचं उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झालं. आजचं वेळापत्रक जुन्या विमानतळ यादीला जोडलं की मोपाचे सगळे मार्ग बिनबोभाट नाहीसे होतात. इस्तंबूलचा प्रकार आणखी फसवा आहे: एप्रिल 2019 मध्ये आयएसटी हा कोड अतातुर्क विमानतळाकडून नव्या विमानतळाकडे गेला. कोड जुळतो, जागा वेगळी. म्हणून मार्ग आणि विमानतळ या दोन्ही फाईली एकाच काळातल्या घ्या.

उड्डाण आणि उतरण्याचं ठिकाण एकच असलेल्या ओळीही इथेच काढा. दोन बिंदू एकच असतील तर दिशा ठरत नाही आणि मधले बिंदू निरर्थक येतात.

तपासणी 4: गट दिला का, आणि पाथ वापरलं की लाइन?

जीजीप्लॉट या आलेख काढणाऱ्या पॅकेजमध्ये करवतीचे दाते दिसले तर प्रत्येक मार्गाला वेगळा गट क्रमांक दिलेला नाही. सगळे बिंदू एकाच लांबलचक रेषेचे आहेत असं समजून ते जोडले जातात. गट दिल्यावर जिऑम पाथ वापरा, जिऑम लाइन नको. लाइन बिंदूंना आडव्या अक्षाप्रमाणे पुन्हा लावते. बृहद्वृत्ताच्या रेषेत रेखांश एकाच दिशेने सरकत असल्यामुळे बहुतेक मार्गांवर ही चूक झाकली जाते. उघडी पडते ती 180 रेखांशावर, किंवा विमान घिरट्या घालत असलेल्या खऱ्या नोंदींवर.

एसएफमध्ये बिंदूंचे गट करून समराइज केलं असेल तर डू युनियन फॉल्स द्या. मूळ सेटिंगमध्ये बिंदूंचा संयोग होतो आणि त्यात त्यांचा क्रम राहीलच याची हमी नसते.

तपासणी 5: रेषा सरळच का?

सपाट नकाशावर दोन बिंदू जोडले तर रेषा सरळच येणार. पृथ्वीगोलावर मुंबई ते नेवार्क दोरा ताणून धरला की तो युरोपच्या उत्तर टोकाकडून जातो, आणि तो वाक नकाशावर आणायचा तर मधले बिंदू मोजून घालावे लागतात.

जिओस्फिअरमध्ये हे काम जीसी इंटरमीडिएट करतं. त्याला 50 बिंदू सांगितले तर मुंबई–नेवार्कवर दर 246 किलोमीटरला एक येतो, आणि जगाच्या नकाशासाठी तेवढं पुरतं. दहा दिले तर कोपरे डोळ्यांना दिसतात. मात्र सुरुवातीचा आणि शेवटचा बिंदू ते आपणहून घालत नाही, अॅड स्टार्ट एंड ट्रू असं सांगावं लागतं. रेषा ठिपक्याला टेकत नाही याचं कारण हेच. मुंबईपासून 246 किलोमीटर म्हणजे नाशिकच्याही पुढे, एवढी फट राहते.

एसएफमध्ये हेच काम एसटी सेग्मेंटाइज करतं, आणि त्यात एक बारीक सापळा आहे. निर्देशांक प्रणाली, म्हणजे सीआरएस, दिलेली नसेल तर ते आकड्यांना साधे एकक समजतं. एक लाख मीटरचे तुकडे करा असं आपण सांगतो, त्याला मात्र एक लाख अंश असं ऐकू जातं. एवढी लांब रेषा कुठलीच नसते, म्हणून एकही बिंदू पडत नाही आणि एररही येत नाही. एसटी सीआरएस विचारून बघा. उत्तर एनए आलं तर दोष सापडला. 4326 (साध्या अक्षांश-रेखांशांच्या प्रणालीचा क्रमांक) देऊन पुन्हा चालवा.

तपासणी 6: 180 रेखांशाची आडवी रेघ

ऑकलंडच्या रेषेचे रेखांश 175, 178 असे वाढत 180 ला जातात आणि पुढचा बिंदू उणे 179 असतो. गोलावर हे शेजारी आहेत. कागदावर त्यांच्यात जवळजवळ 360 अंशांचं अंतर आहे आणि आर ते इमानेइतबारे जोडतं. रेषा तिथे तोडणं हाच उपाय. त्याचे तीन मार्ग आहेत.

जीसी इंटरमीडिएटला ब्रेक अॅट डेटलाइन ट्रू द्या. पण मग उत्तराचा प्रकार बदलतो: साध्या मार्गाला एक मॅट्रिक्स, रेखांश ओलांडणाऱ्या मार्गाला दोन मॅट्रिक्सची यादी. लूपमध्ये यादी आली का हे तपासलं नाही तर कोड नेमका पॅसिफिकवरच्या मार्गांवर कोसळतो.

तक्त्यातले बिंदू हाताने हाताळत असाल तर लागोपाठच्या दोन रेखांशांतला फरक काढा. तो 180 पेक्षा जास्त झाला की तिथून गट क्रमांक एकने वाढवा. ही पद्धत साधी, कुठेही चालणारी, आणि चुकली तर लगेच समजणारी आहे.

एसएफ वापरत असाल तर एसटी रॅप डेटलाइन. इथे क्रम मोडला की सगळं बिघडतं. आधी सीआरएस, मग दोन बिंदूंची रेषा, मग सेग्मेंटाइज, मग रॅप, आणि सर्वांत शेवटी ट्रान्सफॉर्म. रॅप आधी केलं तर रेषा सरळ असतानाच कापली जाते आणि चुकीच्या अक्षांशावर तुटते. ट्रान्सफॉर्म आधी केलं तर आकडे मीटरमध्ये गेलेले असतात आणि 180 नावाची जागाच उरत नाही.

ध्रुवाजवळचे मार्ग रॅपलाही दाद देत नाहीत. मूळ सेटिंगमध्ये ते 180 च्या दोन्ही बाजूंना 10 अंशांपर्यंतच उडी ओळखतं. हाँगकाँग–नेवार्क मार्ग 84 उत्तर अक्षांशाच्या जवळ जातो, तिथे 100 किलोमीटर म्हणजेच 8 अंश रेखांश. तुकडे 500 किलोमीटरचे ठेवले तर एका तुकड्यात 40 अंश सरतात आणि आडवी रेघ परत येते. तुकडे 50 किलोमीटरवर आणा, किंवा डेटलाइन ऑफसेट 180 द्या.

लीफलेटवर, म्हणजे ब्राउझरमधल्या सरकत्या नकाशावर, तोडण्यापेक्षा रेषा पुढे चालू ठेवलेली बरी. लॉस एंजेलिसचा रेखांश उणे 118.41 ऐवजी 241.59 द्या, मधल्या बिंदूंनाही तसेच 360 मिळवा, आणि पॅसिफिक सलग दिसतो.

तपासणी 7: पाया नकाशा आणि चौकट

भारत मधोमध आणायला प्रक्षेपणाचा मध्य 73 पूर्व केला, तर शिवण 180 वर राहत नाही. ती 107 पश्चिमेला जाते, थेट कॅनडा, अमेरिका आणि मेक्सिकोच्या पोटातून. त्या देशांचा रंग फासला जातो तो म्हणून. रॅप डेटलाइनचा इथे उपयोग नाही. एसटी ब्रेक अँटीमेरिडियनला मध्य रेखांश 73 देऊन देश आणि मार्ग दोन्ही कापा, मगच ट्रान्सफॉर्म करा.

कोऱ्या नकाशाचं नेहमीचं कारण चौकट. रॉबिन्सन प्रक्षेपणात गेल्यावर कोऑर्ड एसएफला 68 ते 97 अशी मर्यादा दिली तर ती अंश नाही, मीटर समजली जाते. गिनीच्या आखातातली 29 मीटर रुंदीची खिडकी उघडते आणि तिथे अर्थातच काही नाही. डिफॉल्ट सीआरएस 4326 द्या किंवा मर्यादा मीटरमध्ये लिहा.

तपासणी 8: सगळे मार्ग एकदम

ओपनफ्लाइट्समधले 67,663 मार्ग, प्रत्येकी 50 बिंदू, म्हणजे सुमारे 34 लाख बिंदू. पीडीएफ उघडत नाही आणि युरोप काळा होतो. आधी कोडशेअरच्या ओळी काढा, कारण तेच विमान दोन कंपन्यांच्या नावाने मोजलं जातं. मग जाण्याचा आणि येण्याचा मार्ग एकच धरा: दोन कोड वर्णानुक्रमे लावून जोडी बनवा आणि जोड्या मोजा. पारदर्शकता 0.05 ते 0.2 च्या दरम्यान ठेवा, जास्त उड्डाणांच्या रेषा शेवटी काढा, आणि पीडीएफऐवजी पीएनजी घ्या.

तपासणी 9: जुना कोड, नवं आर

आरजीडाल, आरजिऑस आणि मॅपटूल्स ही पॅकेजं ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. ती जुन्या संग्रहातून ओढून आणण्यात वेळ घालवू नका. फाईल वाचण्याचं, संयोगाचं, प्रक्षेपणाचं काम एसएफमध्ये होतं, आणि जिओस्फिअर अजूनही चालतं. एसएफच्या 1.0 आवृत्तीपासून अंशांतल्या आकड्यांची भूमिती मुळातच गोलावर मोजली जाते, त्यामुळे पूर्वी चालणारे सदोष बहुभुज आता एरर देतात. एसटी मेक व्हॅलिड लावून बघा.

इथे थांबा

लिनक्स सर्व्हरवर एसएफ बसत नसेल आणि जीडाल, जिऑस किंवा प्रोज सापडत नाही असा संदेश येत असेल, तर तो आरचा दोष नाही. त्या लायब्ररी यंत्रणेवर बसवाव्या लागतात आणि त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. विंडोज आणि मॅकच्या तयार पॅकेजमध्ये त्या आतच येतात. आधी तिथे काम होतं का बघा, नाही तर सिस्टिम प्रशासकाला बोलवा.

नकाशा भारतात छापायचा किंवा प्रसिद्ध करायचा असेल तर सीमारेषा स्वतःच्या अंदाजाने ठेवू नका. नॅचरल अर्थ हा देशांच्या सीमांचा खुला डेटा मुळात प्रत्यक्ष ताब्याप्रमाणे सीमा दाखवतो, आणि जम्मू-काश्मीर व लडाखची रेषा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळत नाही. 1961 च्या फौजदारी दुरुस्ती कायद्यानुसार असा न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सर्व्हे ऑफ इंडियाची सीमा वापरा आणि छापण्याआधी जाणकार नकाशाकाराकडून तपासून घ्या.

तिसरी हद्द सर्वांत महत्त्वाची. बृहद्वृत्ताची रेषा म्हणजे विमानाचा खरा मार्ग नव्हे. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी हवाई हद्द बंद केली, आपली दिल्ली–लंडन रेषा मात्र तिथूनच जात राहील. वारा, बंद हद्दी, इंधन यांपैकी काहीच या गणितात नाही. वेळ, इंधन किंवा सुरक्षिततेचा निर्णय या रेषेवर उभा राहणार असेल तर परवानाधारक फ्लाइट डिस्पॅचरकडे, म्हणजे उड्डाणाचा आराखडा आखणाऱ्याकडे, जा. अभ्यासासाठी खरे मार्ग हवे असतील तर ओपनस्कायसारख्या, विमानांचे संदेश टिपून ठेवणाऱ्या जाळ्याच्या नोंदी घ्या, पण त्या वेळेनुसार लावा. समुद्रावर जमिनीवरचे रिसीव्हर पोहोचत नाहीत, म्हणून दोन नोंदींत दहा मिनिटांहून जास्त खंड पडला की रेषा तोडा. नाही तर प्रत्यक्षात न नोंदलेला मार्ग नकाशावर नोंदलेला म्हणून दिसतो.

मदत मागायला जाताना तीन गोष्टी सोबत द्या: सेशन इन्फोचं उत्तर, एसएफ एक्स्टसॉफ्ट व्हर्जनचं उत्तर, आणि बिघाड दाखवणाऱ्या फक्त दोन ओळींचा डेटा. अख्खी फाईल पाठवू नका.